बंदिस्त शेळीपालन: गोठा कसा असावा, साहित्य कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चरायला जाणारी शेळी आपली जागा स्वतः निवडते. ऊन चढलं की बाभळीखाली बसते, भुई ओली झाली की उंच कोरड्या बांधावर किंवा दगडावर चढते, वारं बोचायला लागलं की आडोसा शोधते. बंदिस्त पालनात ही निवड आपण तिच्याकडून काढून घेतो. त्यामुळे तिने जे शोधलं असतं, म्हणजे कोरडी भुई, वाहती हवा आणि सावली, ते गोठ्यात आपल्यालाच द्यावं लागतं. खालची उत्तरं याच तीन गोष्टी धरून लिहिली आहेत. खर्च जमिनीवर आणि छपरावर करा, भिंतींवर कमी करा, हे माझं मत त्यांत वारंवार दिसेल.

गोठ्यासाठी जागा निवडताना सगळ्यात आधी काय पाहायचं?

पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते. शक्य असेल तर जोराच्या पावसानंतर शेतात चक्कर मारून ठरवा. सगळ्यात उंच, मुरमाड किंवा खडकाळ तुकडा, जिथे पिकं नीट येत नाहीत, तोच शेळ्यांना उत्तम. काळ्या जमिनीत बांधायची वेळ आली तर पायात काटकसर करू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर पुरलेले खांब दोन वर्षांत तिरके होतात. खड्डा खालचा मुरूम लागेपर्यंत न्या. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर घ्या आणि भोवती चर काढा.

घरापासून फार लांबही नको. रात्री शेळ्या ओरडल्या तर ऐकू आलं पाहिजे.

एका शेळीला किती जागा लागते?

मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट, पैदाशीच्या बोकडाला २० ते २५, करडाला वयाप्रमाणे ४ ते ५ चौरस फूट. शिवाय या सगळ्याच्या दुप्पट मोकळं, कुंपण घातलेलं आवार. बोकडाचा कप्पा वेगळा ठेवा. गाभण आणि व्यायला आलेल्या शेळ्यांनाही आडोशाचा वेगळा कप्पा हवा.

एक हिशोब करून पाहा. २० शेळ्या, १ बोकड आणि ३० करडं असतील तर २४० + २५ + १५० म्हणजे साधारण ४१५ चौरस फूट छप्पर आणि ८३० चौरस फूट मोकळं आवार. बहुतेक जण २० शेळ्यांचाच हिशोब करतात आणि करडं विसरतात. उस्मानाबादी शेळी जुळी देते, ही तिची ख्याती ऐकूनच आपण ती घेतो. मग पहिल्याच वेतानंतर गोठ्यात दाटी होते आणि दाटीबरोबर सर्दी, खोकला, हगवण येते. बांधकाम कळप आज केवढा आहे त्यावर नको, दोन वेतांनंतर केवढा होईल त्यावर करा.

जागेचा विषय कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं आणि फार वेळ आखूड दोरीने बांधून ठेवणं ही क्रूरताच मानतो.

शासकीय योजनेच्या आराखड्याप्रमाणे बांधलं तर चालेल का?

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात १० शेळ्यांसाठी ७.५० चौरस मीटरचा निवारा दिला आहे: लांबी ३.७५ मीटर, रुंदी २ मीटर, सिमेंट-विटांच्या भिंती, लोखंडी किंवा सिमेंटचे पत्रे आणि तळाला मुरूम. तळाला मुरूम सांगितला आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. मात्र हिशोब केला तर एका शेळीला साधारण ८ चौरस फूट येतात. एवढ्या जागेत शेळ्या रात्री निभावतील, पण दिवसभर त्यात कोंडून ठेवता येणार नाहीत. म्हणून त्याला लागून मोकळं आवार स्वखर्चाने कराच, आणि लांब बाजूच्या भिंती साडेतीन-चार फुटांवर थांबवून वर जाळी लावता येईल का, हे काम सुरू होण्याआधी तांत्रिक अधिकाऱ्यांना विचारा. योजनेचे निकष आणि रकमा बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चालू स्थिती पाहा.

गोठ्याची लांबी कोणत्या दिशेला ठेवावी?

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, नगर या उन्हाळी पट्ट्यात लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मग अरुंद बाजूंवर पडतं, लांब बाजूंनी आत शिरत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाजूने कोवळं ऊन आत येतं आणि शेळ्यांना तेच हवं असतं. पश्चिमेच्या टोकाला एखादं दाट झाड असेल तर ते तोडू नका, दुपारनंतरचं ऊन ते अडवतं.

कोकणात उन्हापेक्षा झडीचा विचार आधी करावा लागतो. जून ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून आत येतो. तिथे त्या अंगाला वळचण तीन फूट बाहेर काढा आणि पावसाळ्यापुरत्या झडपा किंवा झावळ्यांची झापं बांधायची सोय करा.

रुंदी २० ते २५ फुटांच्या पुढे नेऊ नका. त्याहून रुंद शेडच्या मधोमध हवा साचून राहते.

छप्पर कशाचं करावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि एकच उत्तर सगळ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही.

लोखंडी पत्रा हलका असतो, लवकर बसतो, सहज फुटत नाही. पण मे महिन्यात तापला की खाली शेळ्या धापा टाकतात, आणि थंडीत पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरून थेंब खाली पडतात, बिछाना ओला होतो. पत्राच घालायचा असेल तर उंची वाढवा: वळचणीला ८ फूट, मध्यभागी ११ ते १२ फूट. कण्यावर गरम हवा बाहेर जायला फट ठेवा आणि तिच्यावर पाऊस न येईल अशी टोपी बसवा. उन्हाळ्याआधी पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या, पांढरा पत्रा बराच कमी तापतो. वरून उसाचं पाचट किंवा कडब्याचा थर अंथरून दोरीने बांधला तर फरक त्याच दिवशी कळतो.

सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो, दवही कमी धरतो. त्याबद्दल एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायची आहे. नेहमीच्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा कापताना, त्याला भोकं पाडताना, तो फुटताना उडणारी धूळ फुफ्फुसात गेली तर अनेक वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. बिनॲस्बेस्टॉसचे पत्रे बाजारात मिळतात, तेच मागा. जुने पत्रे आधीच असतील तर ते ओले करून, तोंडाला चांगला मास्क बांधून हाताळा आणि फुटके तुकडे गोठ्यात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात टाकू नका.

मंगळुरी कौलं हे माझं आवडतं छप्पर. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते, ती सावकाश तापतात, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. वजन मोठं असल्याने वासे आणि रिपा भक्कम लागतात, आणि माकडांचा उपद्रव असलेल्या गावात दरवर्षी शाकारणी ठरलेली. जुनी घरं उतरवताना कौलं स्वस्तात मिळतात, त्यावर लक्ष ठेवा.

गवत, पाचट, झावळ्या यांच्याइतकी थंड सावली दुसरं कुठलंच छप्पर देत नाही. पण ते दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्यात गोचीड-पिसवा लपतात आणि आगीची भीती कायम असते. असं छप्पर केलंत तर आत विजेची उघडी वायर किंवा लोंबकळता बल्ब ठेवू नका आणि चारा साठवायची जागा किमान पंचवीस-तीस फूट लांब घ्या.

जमिनीला सिमेंटचा कोबा केला तर स्वच्छता सोपी नाही का होणार?

धुवायला सोपी, वाळायला अवघड. कोबा मूत शोषत नाही. उतार थोडा चुकला तरी मूत साचतं, त्यातून अमोनिया निघतो आणि शेळीच्या फुफ्फुसांना त्रास होतो. रोज धुतला तर जमीन सतत ओली. ओल्या जमिनीवर खुरं मऊ पडतात, खुरांमध्ये सड लागते, करडांना रक्ती हगवण होते. थंडीत कोबा गार पडतो. गाभण शेळ्या घसरतात त्या वेगळ्याच. इतका पैसा खर्चून शेळीला नको असलेली गोष्ट आपण तिच्या पायाखाली देतो, हे पाहून वाईट वाटतं.

त्याऐवजी फूटभर जाड मुरमाची भरणी करा, पाणी मारून धुमसाने चोपा, एका बाजूला हलका उतार द्या. मुरूम मूत शोषतो आणि वरचा थर उन्हावाऱ्याने वाळतो. रोज लेंडी झाडून काढा. आठवड्यातून एकदा विझवलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरा, तेवढा वेळ शेळ्या बाहेर ठेवा. कळीचा चुना कधीही टाकू नका, तो ओलीत खूप तापतो आणि खुरं, कास भाजते. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, वरचा अर्धा फूट मुरूम खरवडून शेतात टाका आणि नवा भरा. लेंडी आणि मूत मुरलेला तो थर उत्तम खत असतो.

कोबा दोनच ठिकाणी करा: गव्हाणीसमोरच्या पट्ट्यावर, तोही खरखरीत, आणि माचाणीखाली, म्हणजे शेळ्यांना बसायला केलेल्या फटींच्या उंच फळ्यांखाली.

गोठ्याची हवा बरी आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पहाटे, दार उघडण्याआधी आत जा आणि गुडघ्यांवर बसून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबलं, तर शेळी रात्रभर तेच सोसत होती.

मग माचाण करावं का? लाकडाचं की प्लॅस्टिकचं?

जिथे पाऊस भरपूर आहे तिथे माचाण करावंच. कोकण, घाटमाथा, गोवा, गडचिरोलीचा ओला भाग इथे चार महिने मुरूम वाळत नाही. शेळीला मुळातच उंचावर बसायला आवडतं, त्यामुळे माचाण तिच्या स्वभावालाही धरून आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात, खर्च झेपत नसेल तर, मुरमावर काम उत्तम चालतं.

माचाण जमिनीपासून साडेतीन ते चार फूट उंच घ्या. दोन फुटांवर बांधलेली माचाणं मी पाहिली आहेत. खाली माणूस फावडं घेऊन शिरू शकत नाही, लेंडीचा ढीग फळ्यांना टेकतो आणि गोठ्यात सगळा वास वर येतो. खालच्या जमिनीला उतार द्या, मूत एका नालीतून खड्ड्यात न्या.

फळ्यांमधली फट हा सगळ्यात नाजूक भाग. मोठ्या शेळ्यांसाठी दीड सेंटिमीटरच्या आसपास, करडांच्या कप्प्यात एक सेंटिमीटर. कमी झाली तर लेंडी अडकते, दोनच्या वर गेली तर खूर अडकतो आणि पाय मोडतो. सुताराला तोंडी सांगू नका, त्या जाडीचा लाकडी ठोकळा हातात द्या आणि प्रत्येक फटीत घालून पाहायला सांगा. ओलं लाकूड वापरलं तर ते वाळल्यावर फटी रुंदावतात, म्हणून सुकलेलंच लाकूड घ्या. फळी तीन-चार इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असावी, कडा रंधून गोल कराव्यात, खाली दर दीड-दोन फुटांवर आधार हवा. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, खिळ्यांची डोकी वर येऊन खुरांना टोचतात.

लाकडात सागवान सगळ्यात टिकाऊ पण महाग. बाभूळ कठीण आणि गावातच मिळणारी. निलगिरी स्वस्त आहे, पण तडकते आणि पिळवटते.

प्लॅस्टिकच्या तयार लाद्यांना फटी एकसारख्या असतात, त्या कुजत नाहीत, पाण्याच्या फवाऱ्याने धुता येतात. घेताना लादीवर स्वतः उभे राहा आणि उडी मारून पाहा. वजनदार बोकडाच्या खुराखाली लवणारी लादी घेऊ नका. उन्हाच्या माऱ्याने हलकं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तेव्हा छपराबाहेरच्या भागात ते नकोच. तोंडी हमी न घेता बिलावर लिहून घ्या.

चढायला उतरती फळी रुंद करा, तिच्यावर दर आठ-दहा इंचांवर आडव्या पट्ट्या ठोका. ही फळी फार उभी झाली तर गाभण शेळ्या वर जायला कचरतात.

बांबू वापरता येतो का?

हो, आणि सिंधुदुर्गात तर तोच वापरावा. तिथला माणगा बांबू जवळपास भरीव असतो, खांबांना आणि कप्प्यांच्या आडणीला फार चांगला. माचाणीच्या पृष्ठभागाला मात्र गोल बांबू नको, खुरं घसरतात. चिरून, कडा तासून पट्ट्या वापरा.

बांबू पावसाळ्यात तोडू नका. तेव्हा त्यात पिठूळ रस भरलेला असतो आणि पोखरकिडा त्यावर तुटून पडतो. हिवाळ्यात तोडा, पक्व काठ्या निवडा, वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवा, मग सावलीत सुकवा. ही जुनी रीत आहे आणि ती खरोखर काम करते, कारण किडीचं खाद्य पाण्यात निघून जातं. जास्त टिकाऊपणा हवा असेल तर टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवतात. अशा काठ्या पूर्ण सुकवूनच वापरा आणि शेळ्या चावतील अशा ठिकाणी लावू नका.

भिंती किती उंच असाव्यात?

साडेतीन ते चार फूट, त्यावर जाळी. बसलेल्या शेळीला वारं थेट लागत नाही आणि वरून हवा खेळते, एवढ्यासाठीच भिंत असते. विटा, दगड, कोकणात जांभ्याचे चिरे, काहीही चालेल. कारवीच्या किंवा तुराट्यांच्या कुडावर शेण-मातीचा गिलावाही चालतो, फक्त खालचा दोन फूट भाग दगडी करा, कारण शेळ्या अंग घासतात आणि शिंगांनी माती उकरतात. थंडीत आणि झडीत गोणपाटाचे पडदे सोडा, पण वरची वीतभर जागा उघडी ठेवा. सगळं बंद केलेल्या उबट गोठ्यातच न्यूमोनिया पसरतो.

लाकडाला, लोखंडाला रंग किंवा तेल लावावं का?

इथे काळजी घ्या. शेळी तोंडानेच जग तपासते. जिथे तोंड पोचतं तिथे ती चाटणार, कुरतडणार.

जुन्या वाड्याची रंगवलेली दारं-खिडक्या गोठ्याला वापरू नका. जुन्या रंगांत शिसं असतं आणि पोपडे चाटून विषबाधा होते. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तुमच्या हातातलं दार त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मजबूत असतात, पण डांबरी तेलात मुरवलेले असतात, तेही नकोत. वाळवीसाठी खांबांना इंजिनाचं जळकं ऑइल लावायची पद्धत गावोगाव आहे. लावायचंच असेल तर जमिनीत पुरल्या जाणाऱ्या भागालाच लावा, वर एक वीतही नको.

भिंतींना आणि खांबांना चुना उत्तम. वर्षातून दोनदा द्या, फटी बुजतात आणि गोचिडांची अंडी मरतात.

गव्हाण आणि पाण्याची सोय कशी असावी?

मोठ्या शेळीमागे फूट-सव्वा फूट लांबीची गव्हाण धरा, म्हणजे दुबळ्या शेळीला ढकललं जात नाही. शेळी पाय देऊन आत चढू शकली की चाऱ्यात लेंडी पडते आणि तो चारा ती परत खात नाही. म्हणून गव्हाण कप्प्याच्या बाहेर ठेवून मान घालण्यापुरती उभी फट ठेवा. शिंगांच्या शेळ्यांसाठी ही फट वर रुंद, खाली अरुंद अशी करतात, म्हणजे डोकं वरून आत-बाहेर होतं आणि खाताना शेळी मागे सरकत नाही. पत्र्याची गव्हाण केली तर कडा दुमडून घ्या. निळे प्लॅस्टिक पिंप उभे चिरून केलेल्या गव्हाणी स्वस्त पडतात, पण त्या पिंपात आधी काय होतं हे माहीत असेल तरच. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी नको.

पाण्याचा हौद मोकळ्या आवारात, सावलीत. दर पंधरवड्याला रिकामा करून आतून चुना द्या, वाळू द्या, मग भरा.

करडांसाठी वेगळं काय लागतं?

कोरडा, वारा न लागणारा कोपरा आणि खाली पाचट किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर. ओला झाला की लगेच बदला. पहिल्या महिन्यात थंडीने जाणारी करडं बहुतेक वेळा ओलीमुळे जातात. मोठ्या शेळ्या शिरू शकणार नाहीत अशी अरुंद फट ठेवून आत खुराक ठेवा.

बाजारातून नव्या शेळ्या आणल्या तर त्याच गोठ्यात सोडाव्यात का?

नाही. किमान तीन आठवडे वेगळ्या आवारात, वेगळ्या भांड्यांसह, मुख्य गोठ्यापासून शक्य तेवढं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवी हे साथीचे रोग बहुधा बाजारातूनच घरी येतात. हा कप्पा बांधकामाच्या यादीत पहिल्या दिवसापासून धरा, नंतर तो कधीच होत नाही.

बिबट्या आणि लांडग्यापासून संरक्षण कसं करायचं?

जुन्नर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात रात्रीचा कप्पा सहाही बाजूंनी बंद पाहिजे. बिबट्या भिंतीवरून आणि छपराखालच्या मोकळ्या जागेतून आत येतो, म्हणून भिंतीवरची जाळी थेट छपरापर्यंत जोडा. कोंबड्यांची बारीक तारेची जाळी उपयोगाची नाही, जाड गेजची वेल्ड केलेली जाळी घ्या. दाराला खालून फट नको आणि कडी अशी असावी की धक्क्याने उघडणार नाही. लांडगे आणि भटकी कुत्री खालून उकरतात, तिथे जाळी फूटभर जमिनीत पुरा. हल्ला झालाच तर मृत शेळी हलवू नका, लगेच वनविभागाला कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

कोंबड्यांचं जुनं शेड शेळ्यांना चालेल का?

चांगलं चालतं, कारण त्याच्या भिंती बुटक्या आणि हवा भरपूर असते. जुना तूस पूर्ण काढा, चुना द्या, काही आठवडे रिकामं ठेवा आणि जाळी बदला, ती शिंगांपुढे टिकत नाही.

पैसे कमी आहेत. कुठे वाचवू?

भिंती, फाटक, रंग, नावाची पाटी यांत वाचवा. जोतं, मुरूम, छपराची उंची, वेगळा कप्पा आणि जाळी यांत वाचवू नका. पहिल्या वर्षी निम्मं छप्पर घालून कमी शेळ्या ठेवणं चांगलं, पूर्ण कळप अर्ध्या जागेत कोंबणं नव्हे. खर्चाला हात घालण्याआधी पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या एखाद्या प्रक्षेत्रावर किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चालता गोठा पाहा, तोही जमलं तर पावसाळ्यात. उन्हाळ्यात सगळेच गोठे कोरडे दिसतात.

कुंपणाला कोणती झाडं लावावीत?

कण्हेर लावू नका. तिचं पान, फूल, साल सगळंच विषारी असतं आणि मूठभर पानंही शेळीचा जीव घेतात. घाणेरीही काढून टाका. तिच्याने कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी सुटते. शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. सावली मिळते आणि चाराही, मात्र सुबाभूळ रोजच्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमीच ठेवा. रोपं कुंपणापासून पाच-सहा फूट बाहेर लावा आणि शेळ्या आणण्याच्या आधीचा एक पावसाळा त्यांना मिळू द्या.